सूर्यनमस्कारांचा मोडलेला नेम पुन्हा धरताना

रोज बारा, चोवीस किंवा त्याहून अधिक सूर्यनमस्कार घालणाऱ्या माणसाचा नेम एकदा मोडला की तो पुन्हा धरणे हे नव्याने शिकण्यापेक्षाही अवघड जाते. नवख्या माणसाची स्वतःकडून फारशी अपेक्षा नसते. परतणाऱ्याच्या मनात मात्र जुना आकडा पक्का बसलेला असतो आणि त्या आकड्याखालचे काहीही त्याला व्यायाम वाटत नाही. मी सलग चार वर्षे रोज चोवीस नमस्कार घालत होते. आईच्या दीर्घ आजारपणात तो नेम सुटला आणि ती बरी होऊन घरी हिंडू-फिरू लागल्यावरही जवळजवळ दहा महिने परत आला नाही. त्या दहा महिन्यांत मी पाच वेळा सुरुवात केली आणि पाचही वेळा पहिल्याच दिवशी चोवीस घातले. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मांड्या, खांदे आणि छाती इतकी आंबलेली असे की जिना उतरतानाही कठडा धरावा लागे. मग एक दिवस विश्रांती, मग दोन दिवस, आणि मग पुन्हा महिनाभर काहीच नाही. सहाव्या वेळी तीनच नमस्कारांनी सुरुवात केली. तो नेम आज तीन वर्षे टिकून आहे. जे अशाच खंडानंतर परत येऊ पाहत आहेत त्यांच्यासाठी, त्या पाच फसलेल्या आणि एका साधलेल्या प्रयत्नातून मला जे समजले ते येथे क्रमाने मांडते.

खंड कोठे पडला ते आधी शोधा

नेम मोडला की आपण स्वतःला आळशी ठरवून मोकळे होतो. हा निष्कर्ष सोपा असला तरी बहुतेक वेळा चुकीचा असतो, आणि त्याचा सर्वांत मोठा तोटा असा की खरे कारण त्याखाली झाकले जाते. रोजची कोणतीही सवय दुसऱ्या कशाला तरी अडकवलेली असते. ती खुंटी निघाली की सवय खाली पडते, आणि आपण उमेद हरवली म्हणून मनातच शोधत बसतो.

माझ्या बाबतीत ती खुंटी म्हणजे नळाचे पाणी होती. पहाटे साडेपाचला पाणी येई, म्हणून उठावेच लागे. हंडे-बादल्या भरून झाल्या की घर शांत असे, अंग थोडे गरम झालेले असे, आणि मी सतरंजी टाकत असे. आईच्या आजारपणाच्या सुमारासच आमच्या भागातील पाण्याची वेळ बदलून ती संध्याकाळची झाली. पहाटे उठण्याचे कारणच उरले नाही. पुढचे दहा महिने मला वाटत राहिले की माझी व्यायामाची आवड गेली. खरे म्हणजे माझी पाण्याची वेळ गेली होती. हे ध्यानात आले त्या दिवशी माझ्या मनावरचे बरेच ओझे उतरले, कारण हरवलेली आवड परत कशी आणायची हे कोणालाच सांगता येत नाही, पण नवी खुंटी शोधणे हे आपल्या हातातील काम आहे.

म्हणून पहिल्या दिवशी सतरंजीला हात न लावता एक कागद घ्यावा आणि नेम चालू असताना नमस्कारांच्या अगदी आधी आपण काय करीत होतो ते लिहावे. मुलाची शाळेची गाडी गेल्यावर, सासूबाईंचा चहा झाल्यावर, आंघोळीआधी, पहिली पाळी सुटल्यावर, असे काहीतरी नक्की सापडते. मग ते आजही होते का, त्याच वेळी होते का, हे पाहावे. मूल मोठे होऊन सायकलने जाऊ लागले असेल, पाळी बदलली असेल, घर बदलून सतरंजी टाकायची जागाच गेली असेल. खंड दुखापतीमुळे किंवा आजारामुळे पडला असेल तर मात्र खुंटी शोधण्याआधी डॉक्टरांना विचारावे. आणि कारण केवळ अपुरी झोप असे निघाले, तर व्यायामाआधी झोपेची वेळ दुरुस्त करावी लागेल. रात्री साडेबाराला झोपणाऱ्याने पहाटे पाचचा गजर लावला तर तो गजर दोन दिवस वाजेल आणि तिसऱ्या दिवशी झोपेतच बंद होईल.

उमेदीविषयी एवढेच सांगते की तिची वाट पाहू नये. ती सतरंजीवर उभे राहिल्यानंतर, दुसऱ्या-तिसऱ्या नमस्काराच्या सुमारास येते, आणि काही दिवस येतच नाही. तरीही नमस्कार होतात.

मित्र, रवि, सूर्य: सुरुवात तिघांपासून

सूर्यनमस्कारांच्या बारा मंत्रांत सूर्याची बारा नावे आहेत: मित्र, रवि, सूर्य, भानु, खग, पूषा, हिरण्यगर्भ, मरीचि, आदित्य, सविता, अर्क आणि भास्कर. परतणाऱ्या माणसाला यापेक्षा सोयीचे मोजमाप मिळणार नाही. पहिले दोन आठवडे फक्त पहिली तीन नावे घ्यावीत, म्हणजे रोज तीनच नमस्कार. तिसऱ्या आठवड्यात भानु, चौथ्यात खग, असे दर आठवड्याला एक नाव वाढवत गेले की अकराव्या आठवड्यात भास्करापर्यंत, म्हणजे पूर्ण बारापर्यंत पोहोचता येते. मंत्र म्हणायचे नसतील त्यांनी नुसते आकडे मोजले तरी हिशेब तोच राहतो, पण नावांचा एक फायदा मला जाणवला: चौथा नमस्कार हा केवळ आणखी एक नमस्कार न राहता भानूचा होतो, आणि तो आठवडाभर वाट पाहून मिळालेला असतो.

इतके सावकाश का जायचे, हा प्रश्न प्रत्येक जुन्या माणसाच्या मनात येतोच. नियमित व्यायाम थांबला की दमसास दोन-तीन आठवड्यांतच घटू लागतो. स्नायूंची ताकद त्यापेक्षा हळू उतरते आणि एकदा कमावलेली ताकद नवख्या माणसापेक्षा लवकर परतही येते. धोका येथेच आहे. स्नायूंना आठवडाभरात पूर्वीसारखे वाटू लागते, पण स्नायूंना हाडांशी जोडणारे स्नायुबंध मात्र भाराशी जुळवून घ्यायला कितीतरी अधिक वेळ घेतात. सूर्यनमस्कारात मनगटे, खांदे आणि मांडीच्या मागची बाजू यांच्यावर पुन्हा पुन्हा ताण येतो. तिसऱ्या आठवड्यात उत्साहाच्या भरात चोवीस घालून मनगट धरून बसणारी माणसे मी पाहिली आहेत, आणि मनगट दुखावले की पुढचा महिना हातातून गेलाच. अंग आंबते ते साधारण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त आणि मग आपोआप ओसरते. सांध्यात एकाच ठिकाणी टोचल्यासारखे दुखत असेल, किंवा दुखणे दिवसागणिक वाढत असेल, तर ते अंग आंबणे नव्हे, आणि तेव्हा थांबावे.

ज्या दिवशी अंगात फार उत्साह असेल त्या दिवशी संख्या वाढवू नये, वेग कमी करावा. प्रत्येक स्थितीत तीन संथ श्वास थांबले की तीन नमस्कारांतही कपाळावर घाम येतो. श्वास नाकाने सहज चालत असेल तोवर वेग योग्य आहे. तोंड उघडावे लागले तर तो कमी करावा. पुढे वाकून हात टेकवताना गुडघे थोडे वाकले तरी बिघडत नाही. झटका देऊन तळवे जमिनीला टेकवण्याने मात्र मांडीच्या मागचा स्नायू दुखावतो. तळवे टेकल्यावर बोटे पसरून भार संपूर्ण पंजावर येऊ द्यावा, नुसत्या मनगटाच्या मुळावर नको. पाय मागे नेताना उडी मारू नये, एकेक पाय न्यावा. भुजंगासनात कोपरे किंचित वाकलेली राहू द्यावीत आणि मान मागे टाकू नये, छाती पुढे आणावी. जुन्या सवयीने शरीर आपोआप पूर्वीच्या टोकाच्या स्थितीकडे जाऊ लागते. त्याला पहिला महिना जरा अलीकडेच थांबवावे.

स्थिती दहा की बारा, या वादात मात्र आता पडू नये. औंध संस्थानचे अधिपती भवानराव श्रीनिवासराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्कारांचा आयुष्यभर प्रसार केला, संस्थानच्या शाळांत ते सुरू केले आणि त्यावर पुस्तकही लिहिले. त्यांच्या पद्धतीत दहा स्थिती आहेत. आज योगवर्गांत बहुधा बारा शिकवतात. उजवा आणि डावा पाय मिळून एक नमस्कार धरायचा की दोन, यावरही मतभेद आहेत. आपण पूर्वी ज्या रीतीने घालत होता त्याच रीतीने घालावेत आणि त्याच रीतीने मोजावेत. योग्य पद्धत कोणती हे ठरवण्याच्या नावाखाली कित्येक लोक सुरुवातच पुढे ढकलतात. पद्धत सुधारायची असेल तर दोन महिन्यांनी एखाद्या जाणकार शिक्षकाकडे जावे.

उच्च रक्तदाब आटोक्यात नसणे, हृदयविकार, काचबिंदू, मणक्यातील चकती सरकलेली असणे, हर्निया, पोटाची अलीकडे झालेली शस्त्रक्रिया आणि गर्भारपण, यांपैकी काहीही असेल तर डॉक्टरांना विचारल्याखेरीज नमस्कार सुरू करू नयेत, मग पूर्वी कितीही वर्षे घातलेले असोत. व्यायाम करताना छातीत दुखले, चक्कर आली किंवा नेहमीपेक्षा वेगळी धाप लागली तर लगेच थांबून वैद्यकीय मदत घ्यावी.

वेळ, जागा आणि सतरंजी

नवी खुंटी निवडताना ती रोज, सुट्टीच्या दिवशीही, न चुकता घडणारी असावी. ऑफिसला निघण्याआधी नमस्कार घालीन असे ठरवले की रविवारी नेम चुकतो, कारण रविवारी ऑफिस नसते. सकाळचा चहा मात्र रविवारीही होतोच. मी एका कागदावर असे लिहून स्वयंपाकघरात लावले होते: चहाचे आधण ठेवण्यापूर्वी, हॉलमधल्या खिडकीपाशी, तीन नमस्कार. कधी, कोठे आणि किती हे तिन्ही एकाच वाक्यात ठरवून टाकण्याचा उपयोग होतो, याला मानसशास्त्रातही आधार आहे. पीटर गोल्विट्झर यांनी 1999 साली मांडले की, अमुक घडले की मी तमुक करीन अशा ठाम योजनेमुळे नुसत्या इच्छेपेक्षा कृती घडण्याची शक्यता वाढते, कारण त्या क्षणी पुन्हा निर्णय घ्यावा लागत नाही. पहाटे अंथरुणात पडून करावे की न करावे हे ठरवत बसलेल्या माणसाला हे वेगळे सांगायला नको.

नमस्कार रिकाम्या पोटी घालावेत. सकाळी शक्य नसेल तर संध्याकाळीही चालतात, फक्त जेवणानंतर तीन-चार तास गेलेले असावेत. रात्रपाळी करणाऱ्यांनी घड्याळाचा नाद सोडून झोपेतून उठल्यानंतरची वेळ धरावी, मग तेव्हा दुपारचे तीन वाजलेले का असेनात. सूर्योदयाची वेळ साधली तर उत्तमच, पण ती साधत नाही म्हणून नमस्कारच न घालणे हे त्या सूर्यालाही पटणार नाही, असे मला मनापासून वाटते.

आदल्या रात्री सतरंजी खिडकीपाशी गुंडाळून ठेवावी आणि सकाळी घालायचे सैल कपडे उशाशी ठेवावेत. मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवावा. गजरासाठी साधे घड्याळ पुरते. माझ्या पाच फसलेल्या प्रयत्नांपैकी निदान दोन, गजर बंद करायला मोबाइल हातात घेतला आणि तो हातातच राहिला, एवढ्याच कारणाने फसले. घरातील एका माणसाला आपला बेत सांगावा, पण सर्वांना सांगत सुटू नये; सोसायटीतल्या दहा जणांनी किती झाले म्हणून विचारायला सुरुवात केली की तीन हा आकडा सांगताना संकोच वाटतो आणि माणूस विनाकारण बारावर उडी मारतो.

सवय अंगवळणी पडायला एकवीस दिवस लागतात असे सर्रास सांगितले जाते. त्यावर विश्वास ठेवून बाविसाव्या दिवशी निराश होऊ नये. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 96 लोकांना रोजच्या एखाद्या ठरलेल्या प्रसंगाशी जोडून खाण्याची, पिण्याची किंवा व्यायामाची एक नवी सवय 12 आठवडे पाळायला सांगितली होती. 2010 साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात सवय आपोआप घडू लागण्यासाठी लागणारा मध्यावरचा काळ 66 दिवसांचा निघाला. माणसागणिक तो 18 ते 254 दिवस इतका वेगळा होता, आणि व्यायामासारख्या सवयींना पाणी पिण्यासारख्या सवयींपेक्षा जास्त वेळ लागला. तीनापासून बारापर्यंतचा आपला प्रवास अकरा आठवड्यांचा, म्हणजे 77 दिवसांचा आहे. बारा नमस्कार घालता येतील तोवर सतरंजी टाकताना फारसा विचार करावा लागत नाही, असे बहुतेकांच्या बाबतीत घडण्यास हा काळ पुरेसा ठरावा.

खाड्याचे नियम आधीच ठरवून ठेवावेत

त्याच अभ्यासातील मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट ही की, एखादा दिवस चुकल्याने सवय जडण्यावर म्हणण्यासारखा परिणाम झाला नाही. म्हणजे एका खाड्याने काही बिघडत नाही. बिघडते ते त्यानंतर आपण जे करतो त्याने. खाडा पडला की दुसऱ्या दिवशी भरपाई म्हणून दुप्पट घालण्याची इच्छा होते, किंवा आता तसेही मोडलेच आहे तर सोमवारपासून पाहू असे वाटते. दोन्ही टाळायचे असेल तर खाड्यानंतर काय करायचे हे, मन शांत असताना, सुरुवातीच्या दिवशीच लिहून ठेवले पाहिजे.

माझे नियम असे आहेत. एक दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी ठरलेलेच नमस्कार, एकही जास्त नाही. सलग दोन दिवस चुकले तर तिसऱ्या दिवशी काहीही करून एक नमस्कार, फक्त मित्राचा. तो एक मिनिटाच्या आत होतो आणि तेवढे मिनिट नसलेला दिवस मी अजून पाहिलेला नाही. आठवडाभराहून अधिक खंड पडला तर संख्या निम्मी करायची. तीन आठवड्यांहून अधिक खंड पडला तर पुन्हा तीन नावांपासून, आणि त्यात कमीपणा मानायचा नाही. ताप असताना नमस्कार घालू नयेत आणि ताप उतरल्यावरही दोन-तीन दिवस जाऊ द्यावेत. हा खाडा नव्हे, ही सुट्टी आहे. चिकुनगुन्यासारख्या तापानंतर सांधे दीर्घकाळ दुखत राहतात, तेव्हा डॉक्टरांनी होकार दिल्यावरच सुरुवात करावी. मासिक पाळीच्या दिवसांत ज्या त्या बाईने आपल्या शरीराचे ऐकावे.

भिंतीवरच्या दिनदर्शिकेत नमस्कार घातलेल्या दिवसावर मी पेन्सिलीने एक टिंब देते. सलग किती टिंबे झाली हे मी मोजत नाही, कारण ती मोजली की चाळिसावे टिंब चुकल्यावर एकोणचाळीस वाया गेल्यासारखे वाटतात. मी मोजते ते रिकाम्या घरानंतरचे पहिले टिंब, म्हणजे किती वेळा परत आले ते. महिन्यात अशी चार टिंबे असली तरी नेम चालू आहे असे मी धरते.

काही खाडे तर आधीच दिसत असतात. गणपतीत घर पाहुण्यांनी भरलेले असते, दिवाळीत पहाट अभ्यंगस्नानाची असते, लग्नसराईत आपण आपल्या घरी नसतोच. अशा दिवसांसाठी एकाच नमस्काराचा नेम आधी जाहीर करून टाकावा. लॉजच्या खोलीत अंथरलेल्या टॉवेलवर किंवा पाहुणे उठण्याआधी स्वयंपाकघरात तो एक नमस्कार सहज होतो, आणि सण संपल्यावर परत येण्याचा प्रश्नच उरत नाही, कारण आपण कोठे गेलेलोच नसतो.

सुरुवातीला मुहूर्त शोधणाऱ्यांविषयीही थोडे सांगितले पाहिजे. नवे वर्ष, गुढीपाडवा, वाढदिवस अशा दिवशी माणसाला नव्याने सुरुवात करावीशी वाटते, हे खरे आहे. अमेरिकेतील हेंगचेन दाई, कॅथरिन मिल्कमन आणि जेसन रीस यांनी 2014 साली दाखवून दिले की आठवड्याच्या, महिन्याच्या आणि सत्राच्या प्रारंभी व्यायामशाळेत येणाऱ्यांची संख्या वाढते. असा दिवस चार दिवसांवर असेल तर त्याचा जरूर लाभ घ्यावा, दोन महिन्यांवर असेल तर मात्र उद्यापासूनच सुरू करावे. रथसप्तमीबद्दल एक कळकळीची सूचना आहे. माघ शुद्ध सप्तमीला ठिकठिकाणी सामूहिक सूर्यनमस्कार होतात आणि काही ठिकाणी 108 नमस्कारांचा संकल्प असतो. जो महिनाभरापूर्वीच परतला आहे त्याने तेथे जरूर जावे, आपले पाच-सहा नमस्कार घालावेत आणि मग बाजूला बसून इतरांची मोजणी करावी. एका दिवसाच्या 108 मुळे पुढचे दोन महिने बंद पडल्याचे उदाहरण माझ्या ओळखीतच आहे.

बारा झाल्यानंतर

रोजचे बारा नमस्कार संथपणे घातले तर सहा ते दहा मिनिटे लागतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2020 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार प्रौढ माणसाने आठवड्यात मध्यम श्रमाचा व्यायाम 150 ते 300 मिनिटे करावा आणि निदान दोन दिवस स्नायूंच्या ताकदीचा व्यायाम करावा. त्या मानाने हे थोडेच आहे. परतीच्या पहिल्या तीन महिन्यांत या आकड्याकडे पाहू नये, पण नंतर अवश्य पाहावे. सूर्यनमस्कारात हातांनी ढकलण्याचे काम भरपूर असते, ओढण्याचे जवळजवळ नसते, आणि हृदयाला सलग अर्धा तास काम मिळत नाही, म्हणून त्याला चालण्याची जोड द्यावी. पुण्यात राहणाऱ्यांना पर्वतीच्या 103 पायऱ्या आहेत, इतरांना गावातली टेकडी किंवा नदीकाठ. ज्या आठवड्यात नमस्कारांचे नाव वाढवले त्याच आठवड्यात चालणे सुरू करू नये. एका वेळी एकच गोष्ट वाढवावी, दहा मिनिटांपासून सुरुवात करावी, आणि चालण्यालाही स्वतःची खुंटी द्यावी. आमच्याकडे पाणी आता संध्याकाळी सहाला येते. बादल्या भरून झाल्या की मी चपला घालते.